सी कयाक की एकट्याची टूरिंग कनू? निवड कशी करायची

दोन्ही होड्यांत माणूस एकच बसतो, दोन्हींत चार-पाच दिवसांचं सामान मावतं आणि लांबून दोन्ही सारख्याच सडपातळ दिसतात. म्हणून निवडताना लोक वेग, रूप आणि किंमत यांच्यात अडकून पडतात. खरा निकाल मात्र दोन प्रश्नांवर लागतो. भर पाण्यात होडी उलटली तर तुम्ही परत आत कसे बसणार? आणि एका सहलीत होडी पाण्याबाहेर काढून किती वेळा, किती लांब वाहून न्यावी लागणार? पहिला प्रश्न जड असेल तर कयाक, दुसरा जड असेल तर कनू. सामान, बसण्याची ढब, वल्हं हे सगळं याच दोन उत्तरांच्या मागून येतं.

आधी नावं नीट करून घेऊ

सी कयाक वरून बंद असते. मध्ये बसण्यापुरतं कॉकपिट, पाय पुढे पसरलेले, हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं. टूरिंग कनू वरून उघडी असते. माणूस मध्यावर बाकावर बसतो किंवा बाकाला टेकून गुडघ्यांवर बसतो आणि बहुतेक वेळा एकाच पात्याचं वल्हं मारतो.

या नावांचा घोळ जुना आहे. ब्रिटिश वकील जॉन मॅकग्रेगर यांनी १८६५ साली ‘रॉब रॉय’ नावाच्या होडीतून युरोपातल्या नद्या पालथ्या घातल्या. तिला ते कनू म्हणत, पण ती वरून बंद होती आणि दुहेरी वल्ह्याने चालायची. ब्रिटनमध्ये अजूनही दोन्ही प्रकारांना मिळून कनू म्हटलं जातं. तेव्हा जुनी होडी बघताना नावावर जाऊ नका, फोटोत वरचा भाग बंद आहे की उघडा ते बघा.

मापं काय सांगतात

सी कयाकची लांबी साधारण ४.८ ते ५.५ मीटर, रुंदी ५३ ते ६० सेंटिमीटर. फायबरची असेल तर वजन २२ ते २६ किलो, प्लास्टिकची असेल तर २६ ते ३० किलो. एकट्याच्या टूरिंग कनूची लांबी ४.३ ते ५ मीटर, रुंदी ७० ते ७६ सेंटिमीटर. केव्हलारची (हलक्या, चिवट धाग्यांच्या कापडाची) कनू १३ ते १८ किलोत मिळते, प्लास्टिकची २५ किलोच्या पुढे जाते.

या आकड्यांत एक सापळा आहे. लांब होडी वेगवान असते हे खरं, पण किती? पाण्याच्या रेषेवरच्या लांबीचं मीटरमधलं वर्गमूळ काढून त्याला २.४३ ने गुणलं की होडीचा सैद्धांतिक वेग नॉटमध्ये मिळतो. पाण्यावर ४.९ मीटर टेकणाऱ्या कयाकला तो ५.४ नॉट येतो, म्हणजे ताशी १० किलोमीटर. ४.४ मीटर टेकणाऱ्या कनूला ५.१ नॉट, म्हणजे ताशी साडेनऊच्या आसपास. फरक अर्ध्या किलोमीटरचा. शिवाय भरलेली होडी घेऊन दिवसभर त्या वेगाने कुणी जात नाही, बहुतेक जण ताशी पाच-सहा किलोमीटरने चालतात. त्यामुळे ‘कयाक वेगवान म्हणून कयाक’ हा हिशेब सपाट पाण्यावर टिकत नाही. वारा सुटला की मात्र चित्र पार बदलतं.

पहिली पायरी: दहा सहली लिहून काढा

स्वप्नातली मोठी मोहीम बाजूला ठेवा. येत्या दोन वर्षांत खरोखर होतील अशा दहा सहली कागदावर लिहा आणि प्रत्येकीपुढे चार गोष्टी मांडा:

- जवळच्या काठापासून जास्तीत जास्त किती लांब जाल
- होडी किती वेळा उचलावी लागेल आणि एकूण किती मीटर
- प्यायचं पाणी वाटेत मिळेल की सगळं सोबत न्यावं लागेल
- बरोबर दुसरी होडी असेल की तुम्ही एकटेच असाल

दहापैकी सातांत काठ अर्ध्या किलोमीटरपेक्षा लांब असेल किंवा पाणी समुद्राचं असेल, तर पुढचं वाचायच्या आधीच पारडं कयाककडे झुकलेलं आहे. दहापैकी सातांत तळ्यातून तळ्यात जायचं असेल, मध्ये बांध, धबधबे आणि पायवाटा असतील, तर कनू. अडचण होते ती पाच-पाच आलं की.

वारा

उघड्या कनूचं पुढचं टोक पाण्यावर ४५-५० सेंटिमीटर उभं असतं आणि माणूसही कयाकपेक्षा उंच बसतो. कयाक पाण्याला चिकटून जाते. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १० नॉटचा वारा २० नॉट झाला की होडीवरचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापनात ३ हा आकडा ७ ते १० नॉटचा, त्यात लाटांच्या माथ्यावर कुठे कुठे पांढरा फेस दिसू लागतो. ४ म्हणजे ११ ते १६ नॉट, फेस जागोजागी. आमचा सल्ला असा की एकट्याच्या उघड्या कनूने फेस जागोजागी दिसू लागला की काठ गाठावा. सराव असलेल्या माणसाची सी कयाक त्याच वाऱ्यात काम करत राहते.

दोन्ही होड्या वाऱ्याशी वेगवेगळ्या रीतीने वागतात. पुढे जाणाऱ्या कयाकचं पुढचं टोक स्थिर, घट्ट पाण्यात रुतलेलं असतं. मागचं टोक ढवळलेल्या, सैल पाण्यात असतं. बाजूचा वारा मागच्या टोकाला सहज ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे वळतं. यावर उपाय म्हणजे स्केग, मागच्या बाजूला तळातून खाली सरकणारं छोटं पातं. स्केग वर असेल तर नाक वाऱ्याकडे जातं, पूर्ण खाली सोडलं तर वाऱ्यापासून दूर पळतं, अर्ध्यावर ठेवलं की होडी सरळ चालते. नवशिके ते एकतर पूर्ण वर ठेवतात नाहीतर पूर्ण खाली. त्याची खुंटी बोटभर बोटभर सरकवत, दहा-बारा वल्ही मारून बघत, जागा शोधायची असते.

स्केगचं एक दुखणं आधीच माहीत असावं. खडेवाळूच्या काठावरून होडी ढकलताना एखादा खडा त्याच्या खाचेत अडकतो आणि पाण्यात गेल्यावर स्केग उतरतच नाही. तशात खुंटी जोरात ढकलली तर आतली तार वाकते आणि सहल संपते. स्केगच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक भोक पाडून दोरीचा छोटा फास बांधून ठेवा. सोबतीला मागून तो ओढून स्केग मोकळं करता येतं.

कनूत हेच काम बसण्याची जागा बदलून होतं. वाऱ्याच्या तोंडावर जायचं तर वजन किंचित पुढे, वारा पाठीशी असेल तर किंचित मागे. जड टोक पाण्यात रुततं आणि हलकं टोक वाऱ्याबरोबर मागे फिरतं, कोंबड्याच्या वातदर्शकासारखं. ७५ किलोचा माणूस १० सेंटिमीटर सरकला तर १० किलोची पिशवी पाऊण मीटर हलवल्याइतका परिणाम होतो. म्हणून सरकतं बाक असलेली कनू मिळाली तर जास्त पैसे मोजायला हरकत नाही. बाजूच्या वाऱ्यात नाक वाऱ्याकडे वळत असेल तर वल्हं वाऱ्याच्याच बाजूला मारा, नाक वाऱ्यापासून पळत असेल तर विरुद्ध बाजूला. प्रत्येक वल्ह्याला दिशा दुरुस्त करावी लागत असेल तर दोष हाताचा नाही, वजनाच्या मांडणीचा आहे. थांबा, सामान सरकवा, मग पुढे चला.

उलटल्यावर

निवडीतला सगळ्यात मोठा मुद्दा हाच, आणि विकत घेताना सगळ्यात कमी बोललं जातं तेही याच्याबद्दल.

सी कयाकमध्ये कॉकपिटच्या पुढे आणि मागे आडभिंती असतात. त्यामुळे उलटल्यावर पाणी फक्त कॉकपिटमध्ये शिरतं, पुढचे-मागचे कप्पे हवेने भरलेले राहतात आणि होडी तरंगते. बाहेर येण्यासाठी स्प्रे स्कर्टचा, म्हणजे कमरेला घालून कॉकपिटच्या कडेवर ताणून बसवायच्या झाकणाचा, पुढचा फास ओढायचा, दोन्ही हात कमरेच्या बाजूला टेकवायचे आणि विजार काढावी तशी होडी पायांवरून उतरवायची. स्कर्ट लावताना तो फास बाहेर राहिला आहे का, हे हाताने चाचपून बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. आत अडकलेला फास फार धोकादायक असतो.

एकट्याने परत बसायचं तर पॅडल फ्लोट, म्हणजे वल्ह्याच्या पात्यावर चढवायची फुगवता येणारी पिशवी, वापरतात. क्रम असा:

१. एक पाय कॉकपिटच्या कडेत अडकवून ठेवा, म्हणजे वाऱ्यात होडी हातातून जाणार नाही.
२. वल्ह्याच्या एका पात्यावर फ्लोट चढवा, पट्टा आवळा आणि फ्लोटचे दोन्ही कप्पे फुगवा.
३. होडी सुलटी करा. वल्ह्याचा दांडा कॉकपिटच्या मागे आडवा ठेवा, फ्लोटचं टोक बाहेर पाण्यावर, काटकोनात.
४. पोट मागच्या डेकवर (होडीच्या वरच्या बंद भागावर) टाकून, तोंड होडीच्या मागच्या टोकाकडे ठेवून वर चढा. आधी एक पाय आत, मग दुसरा.
५. वजन कायम फ्लोटच्या बाजूला ठेवून हळू पालथ्याचे उताणे व्हा आणि बाकावर बसा.
६. स्कर्ट लावा, एक कोपरा उघडा ठेवून हातपंपाने पाणी काढा.

चुका बहुतेक पाचव्या टप्प्यावर होतात. माणूस घाईने वळतो, वजन फ्लोटच्या विरुद्ध बाजूला जातं आणि होडी परत उलटते. दुसरी कयाक जवळ असेल तर हे सगळं सोपं आहे. ती तुमच्या होडीचं नाक आपल्या डेकवर ओढून पाणी ओतून टाकते, होडी सुलटी करून धरते आणि तुम्ही चढता. सरावलेली जोडी हे एक-दोन मिनिटांत करते.

कनूचं तसं नाही. ती पूर्ण भरते. २०० लिटर पाणी आत असलं तर २०० किलोचं हलतं ओझं झालं, आणि ते पाणी तुम्ही चढताना उताराकडे धावतं. शांत, उबदार पाण्यात, भरपूर सराव असेल तर रिकाम्या कनूत एकट्याने परत चढता येतं. लाटांत, सामानासकट, ते जमेल असं धरून चालू नका. दुसरी कनू असेल तर तुमची कनू तिच्यावर आडवी ओढून रिकामी करता येते, पण त्यालाही दोन्हीकडे सराव लागतो.

त्यामुळे कनूवाल्याची सुरक्षितता काठाच्या अंतरात असते. उबदार दिवशी, लाइफ जॅकेट घालून, मुद्दाम भरलेली कनू दोरीने ओढत किती मीटर पोहता येतं ते प्रत्यक्ष बघा. आलेल्या अंतराच्या निम्मं ही तुमची मर्यादा. हा आकडा बहुतेकांना धक्का देणारा निघतो, कारण भरलेली होडी ओढून पोहणं म्हणजे जवळपास जागच्या जागी हातपाय मारणं असतं.

कनूत शिरणारं पाणी कमी करता येतं. पुढच्या आणि मागच्या टोकांत हवेच्या पिशव्या बांधा. ६० लिटरची बंद ड्राय बॅग (पाणी आत न शिरणारी पिशवी) आत घट्ट बांधलेली असेल तर तेवढंच ६० लिटर पाणी आत येणार नाही. सैल ठेवलेली पिशवी मात्र तरंगत निघून जाते. कापडी झाकण लावलं तर लाटांचे शिंतोडे आणि वारा दोन्ही अडतात, वजन दीडेक किलोने वाढतं. पण झाकण लावल्याने कनूची कयाक होत नाही, उलटल्यावरची गत तीच राहते.

थंड पाण्यात दोन्हीकडे एकच हिशेब: जवळपास गोठलेल्या पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती सुमारे १० मिनिटं आणि शरीर गारठून शुद्ध हरपायला साधारण १ तास. सुटकेची सगळी कामं त्या दहा मिनिटांत बसवायची असतात. कपडे हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानाप्रमाणे घाला. लाइफ जॅकेट अंगावर हवं, डेकला अडकवलेलं नको.

उचलणं आणि वाहून नेणं

इथे कनूला तोड नाही. एकट्याच्या कनूत बाक नेमकं मध्यावर असल्याने दोन माणसांच्या कनूसारखं कायमचं जू, म्हणजे होडी वाहताना खांद्यांवर टेकणारी आडवी पट्टी, बसवता येत नाही. कनूच्या वरच्या कडांना, म्हणजे काठांना, चिमट्यांनी आवळायचं, काढता-घालता येणारं जू वापरतात. ते तोलाच्या बिंदूवर अशा बेताने लावा की होडी खांद्यावर घेतल्यावर मागची बाजू किंचित जड राहील. मग नाक वर उचललेलं राहतं आणि पुढची वाट दिसते. दोन-तीन सेंटिमीटरची चूक झाली तरी नाक डोळ्यांसमोर खाली येतं आणि किलोमीटरभर हातांनी ते वर धरत चालावं लागतं. बरोबर जागा सापडली की होडीच्या काठावर रंगीत टेपची खूण करून ठेवा.

उचलायची पद्धत: होडीच्या मध्याशी, तिच्या बाजूला उभे राहा. जवळचा काठ धरून होडी मांड्यांवर ओढा, तळ तुमच्याकडे. एका हाताने पलीकडचा काठ धरा. गुडघ्याने तळाला हलका धक्का देत होडी डोक्यावरून फिरवा आणि जू खांद्यांवर टेकवा. पाठ वाकवून हिसका देऊ नका, जोर मांड्यांचा आणि गुडघ्याचा लावा. जमत नसेल तर एक टोक जमिनीवर ठेवून दुसरं टोक डोक्यावर उचला आणि हात काठांवर सरकवत जूपर्यंत चालत या. वाऱ्यात ही दुसरी पद्धतच बरी.

आता फेऱ्यांचा हिशेब करा. १ किलोमीटरच्या वाटेवर सामानाच्या दोन फेऱ्या केल्या तर चालणं ३ किलोमीटर होतं, तीन केल्या तर ५ किलोमीटर. १६ किलोची कनू आणि दोन मोठ्या पाठपिशव्या दोन फेऱ्यांत पार होतात. कयाकमध्ये २५ किलोची होडी, जी खांद्यावर एका बाजूला टोचत राहते, आणि पंधरा-वीस छोट्या पिशव्या. त्या भरायला मोठी जाळीची झोळी लागते आणि तरी तीन फेऱ्या होतातच. दिवसात अशा चार वाटा असतील तर तुम्ही वल्हवण्यापेक्षा चालताच जास्त.

कयाकवाल्यालाही उचलणं चुकत नाही, फक्त त्याची जागा वेगळी असते. ओहोटीला उतरलात तर पाण्यापासून भरतीच्या रेषेपर्यंत दोनशे मीटर वाळू किंवा चिखल असू शकतो, आणि भरलेली कयाक ६५ किलोच्या पुढे असते. एकट्याने ती फरफटत नेली की मागच्या टोकाचा जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत बाहेरचा थर) झिजून जातो. एकटे जात असाल तर दुमडती चाकगाडी घ्या, आणि घेण्याआधी ती मागच्या कप्प्याच्या झाकणातून आत जाते का ते बघा. चाकं वेगळी होत नसतील तर बऱ्याच गाड्या जात नाहीत.

सामान आणि पाणी

पाच दिवसांचा हिशेब धरू. तंबू, अंथरूण, स्वयंपाक आणि कपडे मिळून १४ किलो, कोरडं अन्न ४ किलो, दुरुस्ती आणि सुरक्षा ४ किलो. गोड्या पाण्याच्या तळ्यावर गाळणी आणि २ लिटर पाणी पुरतं, म्हणजे एकूण २४ किलो. समुद्रावर रोज ४ लिटर धरले तर त्या २ किलोऐवजी २० किलो पाणी न्यावं लागतं आणि ओझं ४२ किलोवर जातं. त्यात ७५ किलोचा माणूस मिळवला की ११७ किलो. होडीच्या माहितीत दिलेली कमाल क्षमता म्हणजे ती बुडायच्या आधीची मर्यादा असते, चांगली चालण्याची नव्हे. तुमचं एकूण वजन त्या आकड्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास बसलं पाहिजे. उलटी चूकही होते. मोठ्या माणसासाठी बांधलेल्या होडीत ५५ किलोचा माणूस रिकाम्या हाताने बसला तर होडी पाण्यावर उंच राहते आणि वारा तिला कागदासारखी फिरवतो.

कयाक भरायला पहिल्या काही सहलींत पाऊण तास लागतो. पाण्याच्या पिशव्या आणि अन्न आडभिंतींना टेकून, तळाशी. तंबूचे खांब आणि हलकं अंथरूण टोकांकडे. ५ ते १० लिटरच्या पिशव्या घ्या, २० लिटरची फुगलेली पिशवी झाकणातून जातच नाही. कनूत हेच काम पाच मिनिटांचं: दोन मोठ्या पिशव्या, एक पुढे, एक मागे, बांधा आणि निघा. स्वयंपाकाचं जड भांडं, खुर्ची, मोठा कॅमेरा, सोबत कुत्रं असेल तर तेही, हे कनूतच शोभतं.

शरीर

कयाकमध्ये मांड्या डेकखालच्या आधारांना टेकायला हव्यात, टाचा पायपट्ट्यांवर. दुकानात पाच मिनिटं बसून काही कळत नाही, पाऊण तास बसा. पाय बधिर झाले तर बैठकीच्या पुढच्या कडेखाली गुंडाळलेला टॉवेल घालून मांड्यांना आधार द्या. बहुतेकदा तेवढ्याने सुटतं. मांडीच्या मागचे स्नायू ताठ असणाऱ्यांना कयाक छळते.

गुडघे किंवा घोटे दुखणाऱ्यांना कनूत गुडघ्यांवर बसणं अवघड जातं, पण तिथे मोकळीक जास्त. बसा, गुडघे टेका, एक पाय लांबवा. बाक आणि तळ यांच्या फटीतून बूट घातलेला पाय सहज मागेपुढे होतो का हे नक्की तपासा. तिथे पाय अडकून होडी उलटली तर सुटता येत नाही. बाक दोन-तीन सेंटिमीटर खाली घेतलं तर होडी बरीच स्थिर वाटते, पण फट तेवढीच कमी होते. स्थिरतेपेक्षा फट महत्त्वाची.

वल्हं आणि शिकायला लागणारा वेळ

सी कयाकला २१० ते २३० सेंटिमीटरचं दुहेरी वल्हं लागतं. नवा माणूस पहिल्याच दिवशी सरळ जातो. एका पात्याच्या वल्ह्याने कनू सरळ नेणं शिकायला वेळ लागतो. होडी सरळ ठेवणाऱ्या ‘J’ स्ट्रोकमध्ये वल्हं मागे आल्यावर वरच्या हाताचा अंगठा खाली वळवून पातं होडीपासून बाहेर ढकलायचं असतं. नवशिक्यांचा अंगठा वर जातो आणि होडीला ब्रेक लागतो. मनगट वळवायचं लक्षात राहत नसेल तर वरच्या हाताच्या अंगठ्याच्या नखावर खूण करा. स्ट्रोक संपताना ती पाण्याकडे दिसली पाहिजे.

सरळ दांड्याच्या वल्ह्याचं माप असं घ्या: जमिनीवर गुडघ्यांवर बसा, बूड जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर. वल्हं उलटं धरून मूठ जमिनीवर टेकवा. दांडा जिथे पात्याला मिळतो ती जागा हनुवटी आणि नाक यांच्यामध्ये आली पाहिजे. लांब अंतरासाठी सुमारे १२ अंशांत वाकलेलं, थोडं आखूड वल्हं घेऊन दर सहा-आठ वल्ह्यांना बाजू बदलत जाणं हा सोपा मार्ग. कनूत दुहेरी वल्हंही चालतं, फक्त ते २४० ते २८० सेंटिमीटरचं लागतं आणि त्याचं पाणी मांडीवर ठिबकत राहतं. वाऱ्यासाठी म्हणून ते सोबत ठेवावं असं आमचं ठाम मत आहे.

पाच-पाच आलं तर

डेक असलेली एकट्याची कनू हा मधला रस्ता आहे. व्हर्लेन क्रूगर आणि व्हॅलेरी फॉन्स यांनी १९८६ ते १९८९ या काळात उत्तर अमेरिकेच्या आर्क्टिक भागापासून केप हॉर्नपर्यंतचा प्रवास अशाच, क्रूगर यांनीच रचलेल्या कनूंतून केला. सामान मोठ्या पिशव्यांत मावतं, बाक कनूसारखं, सुकाणू पायांनी चालतं. अडचण एवढीच की अशा होड्या फार थोड्या बांधल्या जातात.

तशी मिळत नसेल तर आमचा कौल असा. एकट्यानेच जाणार असाल आणि मोठं पाणी अधूनमधून का होईना पार करावं लागणार असेल, तर कयाक घ्या आणि होडी वाहून न्यायच्या वाटा कमी असलेले मार्ग निवडा. जादा फेऱ्यांनी पाय दुखतील, बाकी काही बिघडणार नाही. बरोबर नेहमी दुसरी होडी असेल आणि काठाकाठाने जायची सवय असेल, तर कनू.

घेण्याआधी पाण्यात घालून बघा

रिकामी होडी चालवून घेतलेला निर्णय निम्म्या वेळा चुकतो. भाड्याने दोन्ही मिळवा, १० लिटरचे चार पाण्याचे डबे घ्या आणि होडी भरल्यासारखी करा. ३०० मीटरची रेघ ठरवून वाऱ्याच्या तोंडावर, वाऱ्याला पाठ करून आणि बाजूच्या वाऱ्यात जाऊन या, दरवेळी मिनिटं लिहा. मग काठाजवळ, छातीभर पाण्यात, सोबत माणूस ठेवून मुद्दाम उलटा आणि परत बसा. शेवटी डबे काढून होडी पाचशे मीटर वाहून न्या. या तीन गोष्टींत जी होडी कमी दमवेल ती तुमची.

जुनी कयाक घेत असाल तर एका कप्प्यात पाच लिटर पाणी ओता, झाकण लावा, होडी उलटीपालटी करा आणि आडभिंतीच्या कडेने पाणी झिरपतं का ते बघा. आडभिंतीत सुईच्या भोकाएवढं छिद्र दिसलं तर घाबरू नका, उन्हात हवा फुगून झाकण उडू नये म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. झाकणाचं रबर चिमटीत ताणा, बारीक भेगा दिसल्या तर बदलायला झालंय. स्केगची खुंटी वरखाली करून तार अडखळते का बघा. जुन्या कनूत काठाखालचे स्क्रू आणि बाकाचे बोल्ट हलवून बघा, लाकडी काठ असतील तर टोकांशी नख रुतवा. नख मऊसर आत गेलं तर लाकूड कुजलेलं आहे. तळावर उजेड तिरपा टाकून हात फिरवा. ओरखडे चालतील, पण जिथे अंगठ्याने दाबल्यावर तळ आत जातो आणि टक आवाज करून परत येतो, तिथे आतले थर सुटलेले असतात आणि त्या होडीचे पैसे पाडून मागण्यापेक्षा दुसरी बघावी.